ऑपरेशन झालेला माणूस

४ जानेवारी १९७१, सोमवार

धरणावरच्या कंत्राटदार साहेबांनी नोकरी काढून घेतली आणि डायरी दिली. दरसाल नव्या वर्षाला स्टाफला डायऱ्या वाटायची पद्धत आहे. यंदा स्टाफ कमी केला, पण डायऱ्या आधीच छापून आल्या होत्या. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. कोरी ठेवण्यापेक्षा लिहावी, म्हणून आज सुरुवात.

मी श्रीमंत गहिनीनाथ, धरणावरचा स्टोअरकीपर. होतो, असं लिहायला हवं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. घरी आई, बायको मनकर्णा आणि दोन मुली. गाव म्हणजे देवळाली प्रवरेपासून चालत जाता येईल अशी वाडी.

डिसेंबरात सिमेंटची गोणी सरकवताना जांघेत काहीतरी फाटल्यासारखं झालं. नगरच्या मिशनच्या दवाखान्यात डॉक्टर हर्निया म्हणाले आणि कापलं. आपल्याकडं त्याला अंतर्गळ म्हणतात, आणि म्हणताना हसतात. म्हणून मी कुणाला आजाराचं नाव सांगत नाही. नुसतं 'ऑपरेशन झालं' म्हणतो. इंग्रजी शब्दाला अब्रू असते.

टाके निघायच्या आत निरोप आला की धरणाचं काम संपत आलं, स्टोअर बंद. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जड उचलायचं नाही. आता उचलायला उरलंय काय?

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. घरात दिवसभर बसलेल्या पुरुषाला केर काढणारी बाई सुद्धा 'जरा सरका' म्हणते. दहा वर्षं मी शनिवारी संध्याकाळी यायचो आणि सोमवारी पहाटे धरणावर जायचो. मनकर्णा भाकरी थापताना गुणगुणते, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं. मी ऐकतोय हे कळलं की थांबते. मग मी डायरीत डोकं घालून बसतो.

३० जानेवारी

साखर कारखान्यात गेलो होतो. वजनकाट्यावर एक जागा आहे असं कळलं होतं. मुलाखत घेणारे साहेब चांगले वाटले. म्हणाले, "उभ्यानं काम जमंल का?" मी म्हणालो, "जमेल, फक्त जड उचलता येत नाही. ऑपरेशन झालंय." ते खुर्चीत सरळ बसले. "अरे वा! मुलं किती?" म्हटलं, दोन मुली. "आणि दोन मुलींवर केलंत? शाबास!" त्यांनी उठून माझा हात हातात घेतला.

नोकरी मात्र त्यांच्या पाहुण्याला लागली. मुलींचा आणि वजनकाट्याचा संबंध काय, हे अजून कळलं नाही.

१६ फेब्रुवारी

श्रीरामपूरच्या कापडदुकानात गेलो. ठाणं उचलून दाखवावी लागतात म्हणाले. राहुरीच्या शाळेत शिपायाची जागा होती. पिंप भरावं लागतं म्हणाले. ज्याच्या त्याच्याकडं काही ना काही उचलायला आहेच.

धरणावरचा माझा जुना सोबती मच्छिंद्र आला होता. तो आता टेम्पो चालवतो. म्हणाला, "शिंगनापूरला जावा. तिथं लई दुकानं झालीत." मी म्हणालो, जन्म कुलूप-किल्ली सांभाळण्यात गेला, बिनदाराच्या गावात मला कोण विचारणार? तो खूप हसला. मलाही हसू आलं, पण टाक्यांच्या जागी ओढ बसली म्हणून आवरतं घेतलं.

मच्छिंद्रने विचारलं, "खरंच आप्रेशन केलं का दादा?" म्हटलं, केलं की. "धाडस हाय तुमचं," म्हणाला. यात कसलं धाडस? गुंगी देतात, आपण झोपतो.

१४ मार्च

मनकर्णाला दोन-तीन दिवस सकाळी उलट्या होताहेत. कारखान्याच्या रस्त्यावरून हरभऱ्याचे डहाळे आणले होते, ते बाधले असणार. आई तिला हळूच चिंच देते. पित्तावर आंबट देऊ नये, असं मी सांगायला गेलो, तर आई म्हणाली, "तू गप ऱ्हा. तुला कळतं त्याच्यात बोल." मला कळत होतं ते एकच, स्टोअर. तेही बंद झालं.

२१ मार्च

मोठी बातमी. सोसायटीचे चेअरमन बन्सीभाऊ यांनी निरोप पाठवून बोलावलं. पाच वर्षांत त्यांनी माझ्या नमस्काराला मान सुद्धा हलवली नव्हती. आज चहा पाजला, आणि तोही बशीशिवाय नव्हे. सोसायटीच्या खताच्या गोडाऊनला कीपर हवा आहे. पोती हमाल उचलतात, आपण फक्त आवक-जावक बघायची. "तुमच्यासारख्या मानसाला सोसायटीनं न्हाई धरायचं तर कुनाला? मच्छिंद्रानं सांगितलं मला समदं," असं म्हणाले. मी म्हणालो, भाऊ, उपकार झाले. ते म्हणाले, "उपकार तुमचेच गावावर."

सध्या तात्पुरतं आहे. मे महिन्यात सरकारी शिबिर आहे, ते पार पडलं की कायम करायचा ठराव. गोडाऊनचा आणि शिबिराचा काय संबंध, हे विचारणार होतो, पण नशीब उघडत असताना दारात प्रश्न विचारू नयेत.

२९ मार्च

पाडव्याच्या मुहूर्तावर रुजू झालो. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला. चालताना वाजतो. आईने ओवाळलं. मनकर्णाने गोडाचं केलं, पण स्वतः खाल्लं नाही. वास सहन होत नाही म्हणाली. गुळाच्या वासाचा त्रास होणारी बाई ऊसपट्ट्यात प्रथमच पाहिली.

५ एप्रिल

आज उलगडा झाला. राहुरीहून बीडीओ साहेब आले होते. बन्सीभाऊंनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "साहेब, हेच आमचे श्रीमंत. दोन पोरींवर थांबले. पोरगा न्हाई तरी आप्रेशन करून घेतलं." भिंतीवर लाल त्रिकोणाचं चित्र होतं. मी एकदा त्रिकोणाकडं पाहिलं, एकदा साहेबांकडं.

म्हणजे कारखान्यातल्या साहेबांची शाबासकी ही! मच्छिंद्रने म्हटलेलं धाडस हे! वर्षभर गावोगाव एकाच, नसबंदीच्या ऑपरेशनचा डंका वाजतोय. पुरुषाने 'ऑपरेशन झालं' म्हटलं की आता त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो मी सोडून सगळ्यांना ठाऊक होता.

बन्सीभाऊंच्या गावाला यंदा उद्दिष्ट दिलंय आणि आमच्या वाडीतला एकही गडी तयार नाही. शिबिरात मला स्टेजवर बसवणार. हार घालणार. मी बोलायचं की मी केलं, तुम्हीही करा. साहेबांनी कागद वगैरे मागितला नाही. बन्सीभाऊ म्हणाले, "नगरच्या यादीत नाव आसंलच. आपल्याला मानूस दाखवायचाय, कागद न्हाई."

मी तोंड उघडलं होतं. किल्ल्यांवर हात गेला आणि मिटलं.

७ एप्रिल

दोन दिवस स्वतःशी वाद घालतोय. मी असं कधी म्हणालोच नाही. लोकांनी ऐकलं तसं ऐकलं. त्यात कुणाचं नुकसान? एक हार गळ्यात पडेल, ठराव होईल, मग गाव विसरेल. पण रस्त्यात कुणी भेटलं की मी आधी नमस्कार करतो, आणि ते का, हे मला ठाऊक आहे.

घरी मनकर्णाला आणि आईला नीट सांगितलं. मुली लहान आहेत, त्यांना फक्त गप्प राहायला सांगितलं. मनकर्णा चुलीपुढं होती. तिने ऐकलं आणि फुंकणीने जोरात फुंकलं, सगळा धूर माझ्या डोळ्यांत. आई म्हणाली, "मी कुनाला सांगायची न्हाई बाबा. पन प्वाट बोलंल." म्हटलं, आई, पोटासाठीच तर चाललंय सगळं! ती माझ्याकडं बघून कपाळावर हात मारून आत गेली.

१८ एप्रिल

मनकर्णाला दिवस गेले आहेत. तिनेच सांगितलं, भाकरीचं पीठ मळता मळता, मान वर न करता. जानेवारीच्या शेवटचे असावेत. मुलीही ओळखून होत्या. घरात मी तेवढा अडाणी.

पहिल्यांदा आनंदच झाला. खोटं का लिहू? या घरात मी जेमतेम एक हिवाळा सलग राहिलो, आणि त्याचं हे फळ. मी हसलो, ती पण जरा हसली. मग मला शिबिर आठवलं आणि माझं हसू कुठं गेलं ते तिने बघितलं.

म्हणालो, ठराव होईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, मग सांगू सगळ्यांना. ती "बरं" म्हणाली. समंजस आहे.

२ मे

मनकर्णा हल्ली पाण्याला दुपारी जाते. ऊन मी म्हणतं, पण आडावर गर्दी नसते म्हणून तिला ते बरं पडत असेल. शेजारची कडूबाई पूर्वी तासन्‌तास ओट्यावर येऊन बसायची, तीही येत नाही. घर शांत झालंय. गुणगुणणंही थांबलंय. गोडाऊनचं काम उत्तम चाललंय.

९ मे

मच्छिंद्रने आज टेम्पो थांबवून मला बाजूला घेतलं. बराच वेळ टायरला लाथा मारत राहिला. मग म्हणाला, "दादा, रागावू नका. आप्रेशन फेल ग्येलं आसं म्हना. डागदरावर घाला. पन काय तरी म्हना. न्हाईतर वैनींचं लई वाईट चाललंय."

"काय चाललंय?"

"बाया मोजत्यात ना. आप्रेशन डिशेंबरात, पोट दिसतंय आत्ता. कडूबाई आडावर म्हनली, नवरा बंद आन् दुकान चालू."

मी घरी आलो. मनकर्णा धुणं वाळत घालत होती. तिला विचारलं, कडूबाई असं म्हणाली? ती म्हणाली, "म्हनली. पंधरा दिस झालं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमीच म्हनलात, कुनाला सांगू नको."

काठीवरचा शर्ट माझाच होता, तो मी उगाच नीट केला.

१२ मे

बन्सीभाऊंकडं गेलो. ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. त्यांनीच आधी दार लावून घेतलं. "फेल ग्येलं का हो तुमचं?" म्हणाले. "तसं आसंल तर तोंडातून काढू नका. एक फेल म्हनला की समदे पळत्याल. शिबिराला कलेक्टर कचेरीतनं मानसं येनार हायेत. तुमी आसं करा, वैनीला म्हायेरी धाडा. शिबिर होऊ द्या. दुसऱ्या दिशी ठराव करतो, माझा शबुद."

सांगायला गेलो होतो ते सांगितलंच नाही. खरं तर तोडगा ऐकून हायसं वाटलं. तिचं माहेर तिसगावला. बायडाबाई, म्हणजे तिची आई, जीव लावणारी आहे. तिथं आडावर कडूबाई नाही. तिलाही चार दिवस आराम.

१४ मे

मनकर्णाला सांगितलं. वाद घालील म्हणून चार मुद्दे तयार ठेवले होते. तिने एकही ऐकून घेतला नाही, लगेच ट्रंक काढली. माहेरचं नाव काढलं की बायकांना पंख फुटतात. आई मात्र माझ्याशी बोलत नाही. वयानुसार चिडचिडी झालीय.

२२ मे, शनिवार

आज लिहायला बरंच आहे.

सकाळी तिला घेऊन देवळालीच्या एस.टी. स्टँडवर गेलो. नगरला उतरून पुढं तिसगावची गाडी. मुली आईपाशी ठेवल्या. ट्रंक मीच उचलली, आता दुखत नाही. दहाला शिबिर होतं, त्यामुळं मी धुतलेला शर्ट घालूनच निघालो होतो.

बाकावर कडूबाई बसलेली, राहुरीला निघाली होती. तिने ट्रंकेकडं पाहिलं, मग मनकर्णाच्या पदराकडं. म्हणाली, "म्हायेरी? तिसऱ्याला?"

एवढंच. आमच्याकडं पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. दुसरं कधी इथं, कधी तिथं. तिसऱ्याला कुणी जात नाही. तिसऱ्याला पोटुशी बाई ट्रंक घेऊन माहेरी निघाली, म्हणजे नवऱ्याने घालवली. हे मला ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक होतं. बन्सीभाऊंनाही ठाऊक असणार. आणि मी ट्रंक उचलून तिला सगळ्या गावादेखत चालवत आणलं होतं.

मनकर्णा माझ्याकडं वळून म्हणाली, "थोरलीच्या वक्ताला मी म्हायेरी ग्येले, तवा तुमी न्यायला आल्ता. आता येनार का?"

म्हटलं, येणार की.

"कवा? ठराव झाल्यावर?"

गाडी आली. कंडक्टर नगर-नगर ओरडू लागला. ती चढायला निघाली. मी ट्रंक द्यावी म्हणून तिने हात मागं केला. तो हात तसाच मागं होता, आणि तिने वळून पाहिलं नाही. मला स्वतःची लाज वाटली. या सगळ्या दिवसांत मी रोज घरात होतो आणि ती एकटी होती.

म्हटलं, "खाली उतर."

"का?"

"उतर म्हणतो ना."

कंडक्टर म्हणाला, काय ते ठरवा लवकर. ती उतरली. मी ट्रंक खांद्यावर घेतली आणि तिला घेऊन थेट शिबिराच्या जागी, शाळेच्या मैदानावर गेलो. कडूबाईने राहुरीची गाडी सोडली आणि आमच्या मागं आली. तमाशा फुकटात असला की माणूस चार मैलही चालतो.

मंडपात साहेब, शिबिराचे तरुण डॉक्टर, बन्सीभाऊ. समोर गावातले गडी, बायका एका अंगाला. मनकर्णाला पाहून बन्सीभाऊंचा चेहरा उतरला, पण माझं नाव पुकारून झालं होतं. हार घातला. मी तो काढून टेबलावर ठेवला. ट्रंकही स्टेजवरच ठेवली, दुसरी जागा नव्हती. मग बोललो. भाषण असं नव्हतंच. आठवतं तसं लिहितो.

म्हणालो, माझं ते ऑपरेशन झालेलं नाही. माझा अंतर्गळ होता. जांघेतला. लाज वाटत होती म्हणून नाव घेत नव्हतो. लोकांनी भलतं धरलं, आणि सोसायटीत नोकरी लागतेय म्हणून मी धरू दिलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "आता सारवासारव करतूय!" हशा झाला.

तेव्हा मी शर्ट वर केला. पायजम्याची नाडी सैल केली आणि पायजमा चार बोटं खाली ओढला. बायकांनी पदर तोंडाला लावले, पण नजरा कुणी वळवल्या नाहीत. तरुण डॉक्टर सवयीने पुढं वाकले, व्रणावर बोट फिरवलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "हर्नियाच आहे. टाके चांगले जमलेत." त्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "ऐकलं? मूल माझं आहे. माझ्या बायकोला आडावर ज्यांनी नावं ठेवली, त्यांनी माझ्याकडं बघावं. जे काही चुकलं ते माझं चुकलं." कडूबाई खांबाआड होती. नाव मी घेतलं नाही.

साहेबांनी घड्याळात पाहिलं. बन्सीभाऊ जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "किल्ल्या." मी जुडगा सोडून हाराशेजारी ठेवला. मागच्या रांगेतला एक गडी डॉक्टरांना विचारत होता की अंतर्गळाचं सरकार फुकट करतं का. शिबिराला तेवढं एक गिऱ्हाईक मी मिळवून दिलं.

येताना मनकर्णा दोन पावलं पुढं चालत होती. एरवी मागं असते. ओढ्यापाशी म्हणाली, "मला वाटलं, गाडी हलंपतुर बी तुमी थांबनार न्हाई. शिबिराला उशीर व्हतोय म्हनून."

खोटं बोलून चालण्यासारखं नव्हतं. म्हटलं, "मलाही तसंच वाटलं होतं."

घरी आई दारातच होती. तिने ट्रंक पाहिली, सुनेला पाहिलं, आणि आत जाऊन चुलीवर तवा टाकला.

जेवायला सगळे एकत्रच बसलो. मनकर्णाने आईला वाढलं, मुलींना वाढलं, मग स्वतःचं ताट घेऊन खाली बसली. माझ्यापुढं रिकामं ताट. लग्न झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मुली एकमेकींकडं बघू लागल्या. मी उठलो, टोपलीतली भाकरी घेतली, कोरड्यास वाढून घेतलं आणि खाली मान घालून जेवलो.